एका खोलीतल्या दोन चुली

मागे आमच्या शाळेच्या अंकासाठी मी गुप्ते मास्तरांवर दीड पान लिहून दिलं होतं. त्यांची काळी टोपी, लवंगांची पितळी डबी, भूगोल शिकवण्याची तऱ्हा, सगळं त्यात होतं. लोकांना ते आवडलं. एका जुन्या विद्यार्थ्याने रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतला. मी मान हलवली आणि चालू लागलो. एकावन्न सालच्या शिरगणतीचा त्या दीड पानात उल्लेखसुद्धा नव्हता.

तो टाळून मास्तरांबद्दल लिहिणं म्हणजे माणसाचा फोटो काढून चेहऱ्यावर अंगठा ठेवण्यासारखं आहे. त्या शिरगणतीत एका विधवा बाईच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लागलं होतं आणि तिला मास्तरांनी दिलेला शब्द. माझा त्यात काय भाग होता तेही सांगतो. माझी पत्नी हे वाचील. तिलाही ते पहिल्यांदाच कळेल.

कल्याणच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा गुप्ते मास्तर पंचेचाळिशीच्या पुढे असतील. उंच, खांद्यात जरा वाकलेले. ठाण्याला खोपटला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहत. लग्न का केलं नाही हे विचारण्याची आमच्यात कुणाची छाती नव्हती. रोज सकाळी कल्याणला येत, येताच डबी उघडून समोर धरत. "घे. सकाळी लवंग चावली की दिवसभर वावगं बोलवत नाही." स्वतः मात्र लवंग चावूनही हवं ते बोलत.

ठाणे जिल्हा शिकवताना नद्या-डोंगर भराभर उरकून ते मुलांना विचारीत, "रात्री झोपलास की तुझे पाय कुठे असतात?"

मुलं हसायची. मग एखादा धीर करून म्हणायचा, "मास्तर, काकांच्या डोक्याला लागतात."

"दाराबाहेर," दुसरा सांगायचा.

"आमच्या घरात आजी बसून झोपते, मास्तर."

मास्तर हसत नसत. फळ्यावर एक मोठा चौकोन काढीत, त्यात कोपऱ्यात एक लहान. मोठा म्हणजे मुंबई राज्य, लहान म्हणजे आपला जिल्हा. मोठ्यात सुटसुटीत ठिपके देत आणि लहानात इतके की खडू मोडायचा. "राज्याच्या मानाने आपण कसे राहतो ते पुस्तकात छापलेलं नाही. तुमच्या पायांना विचारा."

आणि खरंच, त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागाची तऱ्हाच बदलली होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकी सिंधी निर्वासितांनी भरून गेल्या होत्या. मुंबईत खोली न मिळालेला कारकून डोंबिवलीला बिऱ्हाड शोधत हिंडत होता. कोकणातून आलेली माणसं ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरात मुक्काम करीत होती. माणसं येत राहिली, घरं काही वाढेनात. मी स्वतः हेडमास्तरांच्या मेहेरबानीने शाळेच्याच एका वर्गात पथारी पसरत होतो. बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी, खडवलीला. रविवारी गेलो की सासरे ओसरीवर बसवून हळूच म्हणत, "जावईबापू, मुलगी काही आम्हाला जड नाही. पण लोक विचारतात हो. नवऱ्याने टाकली का म्हणून."

शिरगणती आली आणि आम्हा मास्तर लोकांना कामाला लावलं गेलं. मी साधा गणक, गुप्ते मास्तर आमच्यावरचे पर्यवेक्षक. शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला समजावून सांगायला एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, एका चुलीवर शिजवून जेवतात ती माणसं म्हणजे एक कुटुंब. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राज्याच्या मानाने आपल्या तालुक्यात एकेका घरात फार बिऱ्हाडं दिसायला लागली आहेत. वरून विचारणा होते. तेव्हा जरा जपून."

मास्तर उभे राहिले. "जपून म्हणजे कसं, साहेब?"

"म्हणजे उगाच चुली हुडकत बसू नका."

"हुडकावं लागत नाही. धूर येतो."

हॉलमध्ये हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. "बराकीत गोणपाटाचा पडदा टाकून कुणी म्हणेल, आम्ही दोन बिऱ्हाडं. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, मास्तर."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले, "पण त्या पडद्याआड एका घरची सून कपडे बदलत असते. तिला विचारून पाहा, ती भिंत आहे की नाही."

आता कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मास्तर साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागले.

अडचण साहेबांना वाटत होती त्याहून निराळी होती. लोक स्वतःच चुली लपवत होते. ज्याच्या नावावर खोली, तो भाडेकरू. त्याने मालकाला न कळवता आत ठेवलेलं बिऱ्हाड, ते पोटभाडेकरू. मालकाला कळलं तर दोघांवर गदा. त्यामुळे आम्ही येणार म्हटलं की आतली शेगडी विझवून पलंगाखाली जाई आणि सगळी मंडळी एका पंगतीला बसलेली सापडत. "आमचीच माणसं, एकच चूल," असं सांगत.

मास्तरांची यावर एक युक्ती होती. ते प्रत्येक दारात पाणी मागत. उन्हातून आलेल्या मास्तराला पाणी नाही कोण म्हणणार? मग ते बघत राहत, कोण उठतं, कुठल्या हंड्यातून घेतं, कुठल्या भांड्यात देतं. चूल विझवता येते. पण पिण्याचं पाणी प्रत्येक बिऱ्हाड आपापलं वेगळं भरतं, झाकण वेगळं, ओगराळं वेगळं, आणि दुसरीच्या हंड्यात हात घालायला बाई धजत नाही. एका खोलीत पाण्याच्या दोन जागा दिसल्या की दोन कुटुंबं.

आणि भांडं तोंडाला लावून पीत. पारनाक्याजवळच्या एका सोवळ्या आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, वरून प्यावं."

"वरून प्यालो की मला ठसका लागतो, आजी. ठसक्यात तुमची एखादी सून मोजायची राहून जाईल."

"राहू दे की एक. मला चार आहेत," आजीबाई म्हणाल्या, आणि भांडं पदराने धरून घासायला घेऊन गेल्या.

निर्वासितांच्या बराकीत मात्र एक म्हातारी सिंधी बाई पाणी देईना. "नाम क्यों लिखते हो? फिर भगाओगे?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. मास्तर पडद्यापाशी उकिडवे बसले. त्यांचं हिंदी यथातथाच. "नहीं माँजी. तुम यहाँ है, ये लिखने का. कोई बोला कि नहीं है, तो हम कागद दिखाएगा." म्हातारीने त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग डालडाच्या डब्यातून पाणी दिलं. पडद्यापलीकडून दुसरा हात पुढे आला, त्यात दुसरा डबा. मास्तर तोही प्याले. त्या दिवशी ते इतक्या ठिकाणी पाणी प्याले की परतताना वाटेत तीनदा थांबावं लागलं, आणि प्रत्येक वेळी मला म्हणाले, "हसू नकोस. सरकारी काम आहे."

दूधनाक्याकडची भाऊशेठची चाळ माझ्या वाटणीला होती. भाऊशेठची लाकडाची वखार होती, शिवाय गावात दोन चाळी. तपासणीला मास्तर माझ्यासोबत आले. रेल्वेतल्या परबांच्या खोलीत परबवहिनी दारातच उभ्या राहिल्या. "आम्ही पाच जणं. चूल एक."

"पाणी मिळेल?"

त्यांनी तांब्याच्या हंड्यातून दिलं. मास्तर प्याले. मग मागच्या स्वयंपाकखोलीच्या दाराकडे, तिथे लावलेल्या जुन्या लुगड्याकडे बघत म्हणाले, "अजून तहान आहे. आतलं चालेल."

परबवहिनींचा चेहरा उतरला. आतून एका म्हातारीचा आवाज आला, "सुमती, मास्तरांना पाणी दे ना गो. उन्हातून आलेत."

लुगडं बाजूला झालं. मातीच्या माठातलं पाणी घेऊन एक पंचविशीची बाई बाहेर आली. कपाळ मोकळं. तिने भांडं दिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मास्तर, आम्ही इथं नाही. आम्हाला लिहू नका."

"किती जणी?"

"मी आणि सासू. मालकाला कळलं तर आम्ही जाणार कुठं? रत्नागिरीला काही उरलं नाही."

मास्तरांनी पाणी संपवलं. "हे कागद मालकाकडे जात नाहीत. तसा कायदाच आहे. तुम्ही दोघी आहात, तर आहात. तुम्ही नाही असं मी लिहिणार नाही. आणि माझ्याकडून हे कुणाला कळणार नाही. माझा शब्द."

"शब्दावर कौलं टिकत नाहीत, मास्तर," परबवहिनी म्हणाल्या.

"माझ्या टिकतील."

मी लिहून घेतलं. एका खोलीत दोन कुटुंबं. जिना उतरताना मास्तर खुशीत होते. "आता त्या दोघी राज्याच्या आकड्यात आल्या. सोडल्या असत्या तर परब ऐसपैस राहतात असं कागदावर दिसलं असतं. राज्याची सरासरी अशीच छान दिसते, वैद्य. सरासरीत राहायला मात्र कुणी जात नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊशेठने मला वखारीत चहाला बोलावलं. कशासाठी ते मला आधीच कळलं होतं. तरी गेलो.

"मास्तर, तुमचं कुटुंब खडवलीला म्हणे?" त्यांनी विचारलं. "असं कसं चालेल? डोंबिवलीला मी नवीन बांधलंय. दोन खोल्या आहेत. पागडी नको, बिगडी नको. वाजवी भाडं द्या."

मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, बघता काय, घ्या. मग बशीत चहा ओतत, अगदी सहज, "कागदबिगद मी मागत नाही हं. कागद सरकारचे. पण आमच्या चाळीत पोटभाडेकरू शिरलेत हे मला ठाऊक आहे, कुठं ते ठाऊक नाही. ते गुप्ते मास्तर घरोघर पाणी पितात म्हणे. सगळ्या गावात बोलतात. आमच्या चाळीत कुणाकडे दोनदा प्याले?"

नंतर कित्येक वर्षं मी मनाशी घोकत आलो की मी कुठलाही कागद दाखवला नाही, कुणाचं गुपित सांगितलं नाही, तो नुसता पाण्याबद्दल विचारत होता. पण वखारीत बसलो होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खडवलीची ओसरी होती, हे खरं. आणि मला सगळं समजत होतं, हेही खरं.

"परबांकडे," मी म्हणालो.

भाऊशेठने बशी खाली ठेवली. "साखर बरोबर झालीय ना?"

शिमग्याच्या आत भाऊशेठ परबांच्या दारात जाऊन उभा राहिला. "गुप्ते मास्तर इथं दोनदा प्याले ना?" म्हणत लुगडं त्याने स्वतः बाजूला केलं. कोर्टाची भाषा केली. परब नोकरीला लागलेला साधा माणूस, तो घाबरला आणि सुमतीला म्हणाला, "वहिनी, माझी पोरं आहेत." ती भांडली नाही. सासूला हाताला धरून, ट्रंक आणि माठ घेऊन निघून गेली. हे मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं. ऐकताना मी वह्या तपासत होतो.

राहिलेल्या तपासणीसाठी पुन्हा त्याच चाळीत जायचं होतं. मी मास्तरांना म्हटलं, नका येऊ. ते म्हणाले, "का? मी काय केलंय?"

परबवहिनी गॅलरीत उभ्या होत्या. आजूबाजूच्या बाया दारात आल्या. "या मास्तर," परबवहिनी मोठ्याने म्हणाल्या, "एक चूल कमी झाली. तेवढी खोडून टाका."

मास्तर थांबले. काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. कसं झालं ते ठाऊक नव्हतं.

"शब्द दिला होतात ना?"

"दिला होता."

"मग मालकाला कुणी सांगितलं? दोनदा पाणी कोण प्यालं?"

आपण नव्हतो, असं ते म्हणू शकले असते. पण तसं म्हटलं तर उरणारा दुसरा माणूस त्यांच्या शेजारीच उभा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शब्द माझा होता," ते एवढंच म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेपर्यंत आलं होतं, ही फुशारकीही मी मारणार नाही. आलं नव्हतं. डोंबिवलीच्या खोल्यांची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती आणि मी खिशात हात घालून ती धरून ठेवली होती.

पुढच्या दारात त्यांनी पाणी मागितलं. "नळ आला नाही आज," बाई म्हणाली. तिच्या मागे हंडा काठोकाठ भरलेला होता. पुढच्या दारातही नळ आला नव्हता. सगळी चाळ तशीच गेली. मास्तरांनी काम अर्धं टाकलं नाही, शेवटच्या खोलीपर्यंत प्रत्येक दारात मागितलं. साहेबांपर्यंत तक्रार गेली. "म्हणून सांगत होतो, चुली हुडकू नका," असं ऐकवून त्यांनी मास्तरांकडचं काम काढून घेतलं. मास्तरांनी खुलाशाचा एक शब्द दिला नाही.

बायको आणि मुलगी डोंबिवलीला आल्या. शाळेतल्या मंडळींना मी जेवायला बोलावलं. मास्तरांना बोलावलं नाही तर वाईट दिसेल म्हणून त्यांनाही बोलावलं, आणि ते आले. दोन्ही खोल्या हिंडून बघितल्या, खिडकी उघडून पाहिली.

"हवेशीर आहे. पागडी किती दिलीस?"

"पागडी नाही घेतली."

"भला आहे मालक. कोण?"

माझी बायको पोळ्या वाढत होती. तीच कौतुकाने म्हणाली, "कल्याणचे भाऊशेठ. अगदी देवमाणूस बघा. यांना स्वतः बोलावून दिली जागा."

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला. ताटातलं सगळं संपवलं, पोळी मागूनही घेतली. हात धुऊन पाळण्यापाशी गेले. मुलगी पायांनी दुपटं उडवत होती, तिच्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. "येतो, सूनबाई. जेवण उत्तम झालं," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी डबी उघडली, सगळ्यांपुढे धरली. माझ्यापुढेही धरली. "घ्या वैद्य."

तोवर ते मला अरे-तुरे करीत. त्या दिवसापासून कधी केलं नाही.

सुमतीला त्यांनी शोधून काढलं. परबांकडून माग काढत गेले, तर ती सासूसकट नदीकडच्या एका धर्मशाळेच्या पडवीत सापडली. मास्तरांनी दोघींना खोपटला आणलं, आतली खोली त्यांना दिली, आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत आणली. मग व्हायचं ते झालं. शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू झाली. एक जण हसत म्हणाला, "मास्तरांनी शेवटी चूल मांडली तर." मीही हसलो. हसलो नसतो तर कुणाच्या लक्षात आलं असतं. वर्ष संपताना हेडमास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन मुलींच्या पालकांबद्दल काहीतरी सांगितलं. मास्तरांनी कल्याणची शाळा सोडली आणि ठाण्यात कमी पगारावर दुसरी धरली.

शिरगणतीचे आकडे पुढे छापून आले. आमच्या जिल्ह्यात माणसं राज्याच्या मानाने फार जोराने वाढली होती आणि घरं काही त्या मानाने नव्हती. वर्गात ते सांगताना मी फळ्यावर दोन चौकोन काढायला गेलो, आणि पुसून टाकले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा. ते आजारी आहेत, शाळा सुटली आहे, असं कळलं. तोवर आम्हाला दुसरी मुलगी झाली होती. मी आधी दोनदा ठाण्याला उतरून परत फिरलो होतो. त्या दिवशी दुपारी वर चढलो.

मास्तर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते, टोपी मोठी वाटत होती. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"या वैद्य. बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याच्या गोष्टी करून उठलो असतो. "मास्तर, भाऊशेठला मी सांगितलं होतं."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"तुमच्याकडे जेवलो तेव्हापासून."

"मग तुम्ही कधीच काही—"

"काय करायचं होतं? तुमची मुलगी पाळण्यात होती. तिला पुन्हा खडवलीला धाडायचं?" ते थोडं थांबून श्वास घेऊ लागले. "आणि हे तुम्ही मला सांगताय. माझं छप्पर कुठं गेलं होतं? जिचं गेलं ती आत आहे. सासू वारली गेल्या पावसाळ्यात. धर्मशाळेतला दमा तिला सुटलाच नाही. सुमतीला सांगा."

यंत्र चालू होतं. मी दाराच्या पडद्याकडे बघत होतो.

"हाक मारू?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मास्तरांनी वाट पाहिली. त्यांना कसलीही घाई नव्हती. मग त्यांनी मान वळवून हाक मारली, "सुमती, जरा बाहेर ये गं."

यंत्र थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी चपलांत पाय घातले. "पुन्हा येईन, मास्तर," असं काहीतरी पुटपुटलो आणि जिना उतरू लागलो. मास्तरांनी मला थांबवलं नाही.

अर्ध्या जिन्यात तिचा आवाज ऐकू आला. "कोण आलं होतं, मास्तर?"

मास्तर म्हणाले, "पत्ता विचारत होतं कुणीतरी. चुकून वर चढले."

"कुणाचा पत्ता? मी सांगते खाली जाऊन. उन्हाचं फिरतंय बिचारं."

"राहू दे. सापडेल त्यांना."

रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं. ती कठड्याकडे यायला निघाली होती, हातात अर्धवट शिवलेलं काहीतरी होतं. मास्तर खुर्चीचा दांडा धरून कसेबसे उठले होते. मी वळणापाशी पोचेपर्यंत ते तिच्या आणि कठड्याच्या मध्ये उभे होते.